हिरव्या ठिपक्याचा ड्रम

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर माझे दोन ड्रम आहेत. दोन्ही निळे, दोन्ही कमरेएवढे, दोन्हींना भोकं मीच पाडली आहेत, नवऱ्याचं ड्रिल मशीन त्याला न विचारता घेऊन. एकाच्या झाकणावर हिरवा ठिपका आहे, दुसऱ्याच्या झाकणावर लाल. बिस्किटाच्या पुड्यावर असतो ना, अगदी तसा. हिरव्यात जातात भाज्यांची देठं-सालं, चहाचा चोथा, देवाची सुकलेली फुलं. लालमध्ये काय जातं ते आमच्या सेक्रेटरीला आजपर्यंत माहीत नव्हतं. आता हे वाचून कळलं तर कळू दे. कोलंबीची सालं, बांगड्यांची डोकी, सुरमईचे काटे आणि मासे धुतलेलं पाणी. झालं समाधान?

खताचं हे खूळ मला रिटायर झाल्यावर लागलं. शाळेच्या ऑफिसात आयुष्यभर दाखले लिहिले आणि घरी बसल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं, की दिवसभर नवऱ्याच्या समोर बसणं काही आपल्या प्रकृतीला मानवणार नाही. तोही बस डेपोतून रिटायर. दोघं एकाच पेपरवरून भांडायला लागलो. मग मी गच्ची गाठली. आम्ही बोरीवलीला, चौथ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. मागे नॅशनल पार्कची झाडं. मिरच्या, वांगी, अळू, कढीपत्ता लावला. ऊन झकास, वारा झकास, माती मात्र भिकार. पाणी घातलं की वर साय धरायची आणि सुकली की वीट व्हायची.

नर्सरीवाल्याकडून खताची गोणी आणली. वर मोठ्या अक्षरात ‘ऑरगॅनिक’. घरी येऊन उघडली तर आत विटांचे तुकडे, दोऱ्या आणि शांपूच्या पुडीचा अर्धा कागद. मी तो कागद घेऊन तशीच दुकानात गेले. म्हटलं, “दादा, हे झाडाचे केस धुवायला दिलंय का?” तो म्हणाला, “मावशी, थोडंफार येतंच.” थोडंफार! मग ऑनलाइन शेणखत मागवलं. छान गोळ्या-गोळ्यांचं, वास म्हणून नाही. वास नाही म्हणजे त्यात शेण तरी आहे का, या विचाराने मला झोप लागेना. नवरा मात्र खूश. भेटेल त्याला सांगत सुटला, “आमची मंडळी मूळची मालवणची. बोरीवलीत बसून कुरिअरने शेण मागवते.”

त्यावर माझं डोकं फिरलं आणि मी ठरवलं, आता विकतचं काही नको. आपल्या घरातून रोज एवढा कचरा निघतो, त्याचीच माती करायची.

कचऱ्याचं आणि माझं तसं जुनं आहे. मी वाढले गोवंडीला. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. सगळ्या मुंबईचा कचरा तेव्हा आमच्याच बाजूला यायचा. वारा फिरला की आई खिडक्या लावायची, तरी वास भाताच्या पातेल्यापर्यंत पोचायचा. शाळेत दुसऱ्या भागातल्या मुली आल्या की नाकाला रुमाल लावायच्या आणि वर म्हणायच्या, “तुम्ही कसं राहता गं इथे?” मला सांगावंसं वाटायचं, बायांनो, हा वास आमचा नाही, तुमचाच आहे, तुम्हीच पाठवलाय. सांगितलं कधी नाही. पण अजूनही कुणी ओला-सुका एकाच पिशवीत बांधून दारात ठेवलेला दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्याच गोवंडीच्या खोलीसमोर आईचं कढीपत्त्याचं झाड होतं. फुटक्या डालडाच्या डब्यातून सुरू झालेलं, पुढे छपराच्या वर गेलं. मासे साफ केले की आई मला हाक मारायची, “चेडवा, ह्या पाणी गटारात ओतू नको गो, कढीपत्त्याच्या मुळात घाल.” आख्खी चाळ आमच्याकडून कढीपत्ता न्यायची. तेव्हा लाल ठिपक्याच्या ड्रमाचं मूळ तिथे आहे, माझ्या आगाऊपणात नाही.

पहिला ड्रम अर्थातच फसला. मी नुसता ओला कचरा कोंबत गेले. दहाव्या दिवशी असा काही वास सुटला, की तिसऱ्या मजल्यावरचे काका पोलिसांना बोलवायला निघाले, त्यांना वाटलं गच्चीवर कुणी मरून पडलंय. वर पांढऱ्या अळ्या, बोटभर. वाट लागली सगळी. सेक्रेटरीने मीटिंग घेतली. मी तिथे उभी राहून सांगितलं, एक महिना द्या. मग शिकले. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर दुप्पट सुकी पानं. पानांना आमच्याकडे काय तोटा, झाडूवालीच पोती भरून वर आणून द्यायला लागली. आंबट ताकात गूळ कालवून वरून शिंपडायचं. आठवड्यातून एकदा खालचं वर करायचं. लिंबा-संत्र्याची सालं मात्र फार नकोत, त्याने किडे-गांडुळं पळतात. हे तर मी दारोदार ओरडून सांगितलंय. आणि झालं की नाही हे बघायला कसलं मीटर लागत नाही. मूठभर घ्यायचं आणि दाबायचं. पाणी गळलं तर कच्चं. भुगा झाला तर कोरडं. लाडू वळला आणि बोट लावल्यावर सुटला, आणि वास पावसाळी रानाचा आला, की समजायचं पिकलं.

महिन्याभराने सेक्रेटरी स्वतः वर आला. मूठभर खत नाकाशी धरलं आणि परवानगी दिली. एका अटीवर. सोसायटीत निम्मी घरं शाकाहारी, तेव्हा गच्चीवर मच्छी-मटण चालणार नाही. मी म्हटलं, “छे छे, भलतंच काय!” आणि पुढच्याच रविवारी दुसरा ड्रम आणला.

आता बेन.

बेन म्हणजे आमच्या समोरच्या दारातली गुजराती शेजारीण. तीस वर्षं आमची दोन दारं समोरासमोर उघडी आहेत. मी नवी सून म्हणून आले तेव्हा पहिला चहा तिच्याकडचा प्यायले. माझं सिझेरियन झालं तेव्हा मेथीचे लाडू तिने केले, तिचे मिस्टर गेले तेव्हा तेरा दिवस तिच्या घरी आलेल्या-गेलेल्याला चहा मी दिला. ती वैष्णव, कडक म्हणजे कडक. कांदा-लसूणसुद्धा घरात नाही. तिचे ठाकोरजी म्हणजे वीतभर उंचीचा पितळी बाळकृष्ण. त्याला ती सकाळी उठवते, आंघोळ घालते, थंडीत स्वेटर घालते, आणि जे काही शिजेल ते आधी त्याला दाखवते. प्रत्येक ताटावर तुळशीचं पान. तुळशीचं पान नसेल तर ठाकोरजी जेवत नाहीत, आणि ते जेवले नाहीत तर बेन जेवत नाही. इतकं ते सरळ आहे.

तिला एकच मुलगी. माझ्या घरात माझा एकच मुलगा. दोघं एकाच वर्गात, त्यामुळे पोरीचा अर्धा मुक्काम आमच्याकडेच असायचा. आणि रविवारी आमच्याकडे काय शिजतं ते काही लपत नाही. पोर लहान, वास नाकात गेला, तिने मागितलं. मी काय करणार? मागणाऱ्या पोराला नाही म्हणायची रीत आमच्याकडे नाही. मग ते दर रविवारचंच झालं. तळलेली सुरमई म्हणजे तिचा जीव. जेवण झालं की मी बेसिनशी नेऊन तिच्या दोन्ही हातांना अर्धं लिंबू चोळायची, तोंड धुवायची, फ्रॉक हुंगून बघायची आणि मग समोर सोडायची. ती बारावी होईपर्यंत हे चाललं. आता ती टोरांटोला असते, नवऱ्यासोबत, आणि तिथे काय खाते ते तिचं तिला माहीत. बेनला यातलं कधी काही कळलं नाही. मी सांगितलं नाही. आधी भीती होती, नंतर वाटलं, जुनं झालं, कशाला उकरा.

खताच्या कामात बेन पहिल्या दिवसापासून माझ्या बाजूने. सोसायटीत सगळे नाकं मुरडत होते तेव्हा रोज सकाळी दुधीची सालं, चहाचा चोथा आणि ठाकोरजींची फुलं स्टीलच्या डब्यात घालून दारात ठेवायची. आणखी एक गोष्ट ती मला दहा वेळा सांगायची. बेनचं मराठी इतक्या वर्षांनीही तिच्याच वळणाने जातं. “बघ ना, ठाकोरजींचे फूल तुझ्या ड्रममध्ये जाते, खत होते, ते खत माझ्या तुलसीला, आणि तुलसी परत ठाकोरजींना. कुठे काय वाया गेला?” तिला त्याचा फार आनंद होता. मलाही होता.

मग त्या उन्हाळ्यात तिची तुळस बसली. किचनच्या खिडकीला ग्रिल आहे, त्यात कुंडी. पानं गळाली, काड्या उरल्या. बेन सकाळी सहाला माझ्या दारात, डोळे भरलेले. “तीन पान राहिले. उद्या ठाकोरजींना काय घालू?” मी म्हटलं, “रडतेस काय? थांब.” गच्चीवर गेले, हिरव्या ठिपक्याचं झाकण उघडलं. खत पिकून तयार होतं, फक्त चाळायचं राहिलं होतं. घाईत वरवरचं दोन ओंजळी भुसभुशीत उचललं, खाली आले आणि तिच्या कुंडीत घातलं. आणि काय सांगू, पंधरा दिवसांत त्या तुळशीने जो जोर धरला! पानं ही एवढाली, मंजिऱ्या काय, रंग काय. बेन येणाऱ्या-जाणाऱ्याला खिडकीशी नेऊन दाखवायची. मी आपली कॉलर ताठ करून फिरत होते. नाइटीला कॉलर नसते, तरी.

तीन आठवड्यांनी सवड झाली तशी मी उरलेलं खत चाळायला बसले. हिरव्या ठिपक्याचा ड्रम आडवा केला, फावड्याने ओढलं आणि चाळणीवर टाकलं. चाळण हलवली. वर काहीतरी कडकडलं.

सुरमईचा मणका. अख्खा.

मला आधी वाटलं कावळ्याने टाकला असेल. मग दुसरा निघाला. मग कोलंबीची शेंडी, मग बांगड्याच्या डोक्याचं हाड. मी लाल ठिपक्याचा ड्रम उघडून हात घातला. आत बेनच्या ठाकोरजींच्या हारांचे दोरे.

मग सगळं लख्ख आठवलं. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मला साफसफाईचं भूत चढलं होतं. दोन्ही ड्रम तेव्हा भरून पिकायला ठेवले होते. मी दोन्ही झाकणं नळाखाली नेली, घासली, उन्हात वाळवली आणि उचलून लावली. याचं त्याला, त्याचं याला. ठिपके काढणारी मी, घासणारी मी, लावणारीही मीच. शिवी घालायला दुसरं कुणी नाही. तीन आठवडे बेनची तुळस सुरमई खाऊन माजली होती, आणि तीन आठवडे तिचं पान रोज ठाकोरजींच्या ताटात पडत होतं.

मी खाली येऊन नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, हसता हसता त्याला ठसका लागला. मग माझं तोंड बघून गप्प झाला. “अगं, मातीत गेलं ते माती झालं. आता ते सुरमई राहिलंय का? देवाला कळत नाही, बेनला कळत नाही, तुळस तर खूश आहे. तू गप्प बस.”

“बेनच्या कुंडीत काटा निघाला तर?”

“मग काटा काढून आण.”

आणि मी, अठ्ठावन्न वर्षांची बाई, चोरासारखी समोर गेले. बेनला म्हटलं, चहा टाक. ती गॅसकडे वळली आणि मी खिडकीशी, तुळशीच्या कुंडीत दोन बोटं खुपसून. पाठीमागे ती लेकीच्या फोनबद्दल सांगतेय, मी “हो का, अगं बाई” म्हणतेय आणि मातीत चाचपतेय. एक मिळाला. करंगळीच्या नखाएवढा मणका, बांगड्याचा. तो मुठीत धरून मी तिचा अख्खा कप चहा प्यायले. वर तुळशीला नमस्कारही केला.

पुरावा संपला होता. गप्प बसले असते तर विषय मिटला असता. पण खरं सांगते, त्या दोन रात्री मला घास गेला नाही. मला देवाचं भय नव्हतं. आमचे देव मासे खाणाऱ्यांच्याच घरात वाढलेले. बेनचं भय होतं. तिला कळलं तर दार बंद होईल, आणि नाही कळलं तर ती रोज त्या खिडकीशी हात जोडणार आणि मी समोर उभी राहून बघणार. दोन्ही नको होतं. तीस वर्षांत माझं असं दुसरं माणूस झालेलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिची कसली तरी तिथ होती. दुपारी बेन वाटी घेऊन दारात आली. केशरी दूधपाक, म्हणजे त्यांची तांदळाची खीर, वर तुळशीचं पान. “ठाकोरजींचा प्रसाद. पहिली वाटी तुला. तुझ्या खताची तुलसी आहे ना!”

मला ती वाटी हातात धरवेना.

मी तिथेच, दारात, सगळं सांगून टाकलं. लाल ड्रम, हिरवा ड्रम, झाकणं, मणके, चहाच्या वेळची चोरी, सगळं. बोलता बोलता रडायलाच लागले. बेन ऐकत होती. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला भांडण कळतं. तिने माझ्या हातातून वाटी हळूच परत घेतली, मागे वळली आणि दार लावलं. त्या दाराची कडी दिवसा लागलेली मी पहिल्यांदा ऐकली.

आठ दिवस. सकाळचा स्टीलचा डबा नाही. “दूध आला का गं?” ही तिची हाक नाही. खिडकीतली कुंडी गेलेली. मी आमच्या किचनमधून मान वाकडी करून बघायचे, नुसतं ग्रिल. नवरा म्हणाला, “फेकली असेल.” मी त्याच्यावर असं काही खेकसले, की तो पेपर घेऊन बाल्कनीत गेला. दोनदा मी तिच्या बेलपर्यंत हात नेला आणि मागे घेतला. काय बोलणार? माफी मागून झाली होती. तुळशीची पानं ठाकोरजींच्या ताटातून परत काढता थोडीच येतात.

त्या आठ दिवसांत मी एकच काम केलं. तिच्या घरच्या कचऱ्याचं जे खत लाल झाकणाखाली पडून होतं, ते काढलं, तीन वेळा चाळलं, उन्हात पसरून पुन्हा निवडलं आणि स्वच्छ बादलीत भरलं. दोन्ही झाकणं जागच्या जागी लावली आणि ठिपके ड्रमाच्या पोटावरही काढले, ऑइल पेंटने. द्यायची हिंमत नव्हती, म्हणून बादली तशीच गच्चीवर.

नवव्या दिवशी सकाळी मी वांग्यांना पाणी घालत होते. जिन्यात पावलं वाजली. बेनचे गुडघे दुखतात, ती गच्चीवर वर्षात एकदा येते, पतंगांना. काखेत कुंडी. तुळस तशीच, उभी, हिरवीगार.

ती गुडघ्यावर हात ठेवत खाली बसली. कुंडी आडवी केली, तुळस मुळासकट सोडवली, माती झटकली. “पाइप दे.”

मी पाइप दिला. तिने मुळं पाण्याखाली धरली, एकेक पदर सोडवून धुतली. बराच वेळ. मग कुंडी आतून-बाहेरून घासली. “चांगला खत कुठे आहे?”

मी बादली पुढे केली. तिने हात घातला आणि तांदूळ निवडतात तसं बोटांनी निवडत बसली. तिला काही सापडलं नाही. मग दोघींनी मिळून तुळस लावली, मी धरली, तिने माती लोटली. मला राहवेना.

“बेन, मला वाटलं फेकलीस.”

“तुलसी कोणी फेकते?” ती माती दाबत म्हणाली. “माझी छोकरी दर रविवारी तुझ्या घरातून मच्छी खाऊन यायची. तिला फेकली मी?”

माझी तुळशीवरची पकड सुटली.

“तुला माहीत होतं?”

“हाताला लिंबूचा वास घेऊन येते, दर रविवारी, दुपारी दोन वाजता. मी काय बुद्धू आहे? आई आहे मी तिची.” ती माझ्याकडे बघतच नव्हती. “पहिल्यांदा आली ना, मी तिला सरळ बाथरूममध्ये नेली. डोक्यावरून पाणी घातला. नवा फ्रॉक घातला आणि ठाकोरजींच्या समोर बसवली. मग दर रविवारी तसंच. तिला वाटायचं गर्मी होते म्हणून मम्मी दोनदा नाहायला लावते. आंघोळ केली, झालं. पोरगी आहे, फेकायची थोडी असते.”

“मग आठ दिवस दार कशाला लावलंस गं? मी इथे मरायला टेकले होते.”

बेनने हात झटकले. “तुलसीसाठी नाय लावला. तुलसीचा तू तीन दिवसांत सांगितला. रडत रडत. मला वाटला, आता पोरीचा पण सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल. आत बसून वाट बघितली.” आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “वीस वरस झाले, वाट बघते.”

मी तोंडाळ बाई. सेक्रेटरीला दोन वाक्यांत गप्प करते. पण लाजेने माझी मान वर होईना. आणि त्याहून वाईट म्हणजे, मला माझंच खोटं दिसलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की पोरीने मागितलं. मगाशी तुम्हालाही तेच सांगितलं. नव्हतं मागितलं तिने.

“बेन,” मी म्हटलं, “ती सहा वर्षांची होती. माझ्या पोराच्या ताटाकडे बघत बसली होती, नुसती बघत. मागितलं नाही. मीच तिला भरवलं. बांगडा होता.”

बेनने कुंडीची कड पदराने पुसली. खाली भाजीवाला ओरडत होता.

“काटे काढून दिले?”

“एकेक काढून. उजेडात धरून.”

“बस,” ती म्हणाली. “एवढाच ऐकायचा होता.”

मग तिने कमरेच्या पदराची गाठ सोडली. आत लिंबू होतं, कापलेलं, दोन फोडी. एक स्वतःच्या हातांना चोळायला लागली, बोटांच्या बेचक्यांत, नखांत. दुसरी माझ्यापुढे धरली. “घे. वास येते तुझ्या हाताला.”

मी चोळली. मग बेनने दोन्ही सालं उचलली, झाकणावरचा ठिपका नीट बघून घेतला, ड्रमाच्या पोटावरचाही बघितला, आणि हिरव्यात टाकली. लिंबाची सालं खतात टाकू नका म्हणून मी अख्ख्या बिल्डिंगला ओरडत असते. त्या दिवशी काही बोलले नाही. तुळस उचलली आणि तिच्या मागून जिना उतरले.